उखळीचा सांधा आणि वारीचा नेम

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सकाळच्या वेळी केलेले भाषण. मुलांनी मोबाइलवर टेप केले, त्यावरून उतरवून घेतले आहे. बोललो तसेच ठेवले आहे.)





आम्ही चौथी शिकलेले. चार महिने भात, मग थोडा वाल, आणि बाकीचे दिवस जिथं बोलावणं येईल तिथं कीर्तन. चालकांनी आम्हाला सांगितलं, बुवा, शंभर वर्षांच्या सोहळ्यात दिंडीच्या इतिहासावर बोला. इतिहास सांगणारे आमच्यापेक्षा जाणते इथं बसलेले आहेत. म्हणून आम्ही त्यांना विनंती केली, आम्हाला जांघेच्या दुखण्यावर बोलू द्या. चालक हसले. म्हणाले, बुवा, सोहळ्यात जांघ कुठं आली? आम्ही म्हणालो, शंभर वर्षं ही दिंडी चालली ती कशावर चालली? खुब्यावरच ना?

आपली वाट सर्वांना ठाऊक आहे. आषाढीला आपण कोकणातले शेतकरी भाताच्या आवणीत, पोटरीभर चिखलात असतो. म्हणून आपल्या भागातल्या कितीतरी दिंड्या भात कापून, झोडून घरात आलं की आळंदीला निघतात. कल्याण, बदलापूर, नेरळ, कर्जत, खोपोली, मग खंडाळ्याचा घाट, लोणावळा, तळेगाव, देहू आणि आळंदी. कार्तिक वद्य एकादशीला माउलींच्या दारात, आणि त्रयोदशीला संजीवन समाधीचा सोहळा. भात लावताना वाकलेली कंबर, कापताना बसलेले गुडघे, भारे वाहून दमलेले पाय, त्याच पायांनी आपण लगेच चालायला लागतो. आणि दुखलं तर बोलत नाही. कंबर दुखते म्हणून सांगतो, गुडघा दुखतो म्हणून सांगतो, पण जांघेत दुखतं हे चारचौघांत सांगायला लाज वाटते. बायांना तर त्याहून जास्त.

आता आधी आमचा अपराध सांगतो, मग आमचं दुखणं सांगतो.

समोर पहिल्या रांगेत, खुर्चीवर, आमचे टाळकरी दादा बसलेले आहेत. नाव घेत नाही, सगळे ओळखतात. आम्ही त्यांना विचारूनच हे बोलतोय. ते म्हणाले, बोला बुवा, बोललात तर एखाद्याचा पाय वाचेल. दादांच्या डाव्या जांघेत दुखत होतं. रात्री झोपेतही ठणकायचं. एका कार्तिकीला कर्जतच्या मुक्कामावर ते आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, बुवा, पाय टेकवत नाही, उद्या राहू का मागं? आम्ही काय सांगितलं? आम्ही म्हणालो, दादा, नाम घ्या, माउली ओढून नेईल, वारी चुकवू नका. दादांनी आमचं ऐकलं. घाट चढले. आळंदीला पोहोचले. आणि आम्ही पुढच्या तीन कीर्तनांत त्यांचा दृष्टांत दिला की बघा, नामानं पाय चालतात.

पुढच्या वर्षी दादा उठूच शकले नाहीत. फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त मिळेना झालं होतं, ते डोकं आता चपटं झालंय. लवकर आला असता तर काही उपाय करून बघता आला असता. शेवटी खुबा बदलावा लागला. आज दादा गावात हिंडतात, देवळात येतात, पण दिंडीत चालत नाहीत. दादा, आम्ही नामाचा महिमा सांगितला त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही आम्हाला वाट विचारली होती आणि आम्ही वैद्य नसताना वैद्य झालो. शंभर वर्षांच्या या मंडपात आम्ही तुमची क्षमा मागतो.

(इथं दादा उठू लागले, त्यांना लोकांनी बसवले.)

माउली, माणूस दुसऱ्याला जे सांगतो ते आपल्यावर आलं की कळतं. चार वर्षांपूर्वी आवणी संपली आणि आमच्या उजव्या जांघेत धरायला लागलं. आधी मोटारसायकलवरून उतरताना. मग सकाळी पायताण घालताना. मग मांडी घालून भजनाला बसलो की उठताना दोन माणसं लागायची. आम्हाला वाटलं अंतर्गळ असेल. कोणी सांगितलं नस चढलीय. आम्ही चोळून घेतलं, शेक घेतला, गोळ्या खाल्ल्या. गोळी असेपर्यंत बरं, मग तेच. कोणी म्हणालं विश्रांती घ्या. दोन महिने ओट्यावर बसून राहिलो. उठलो तेव्हा पाय आणखी बारीक झालेला आणि दुखणं तिथंच. त्या कार्तिकीला आम्ही सामानाच्या टेम्पोत बसून आळंदीला गेलो. ज्या तोंडानं दादांना चाला म्हणालो होतो ते तोंड ताडपत्रीखाली लपवून.

आपल्याच दिंडीतल्या एका माळकऱ्याची नात फिजिओथेरपी शिकून आलीय. आम्ही तिला तान्ही असताना कडेवर घेतलेली. तिनं आम्हाला लंगडताना पाहिलं आणि घरी आली. म्हणाली, बुवा, आधी फोटो काढा, मग बोलू. आम्ही म्हणालो, व्यायाम सांगणार असशील तर सांग, पण आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला? ती म्हणाली, आधी फोटो.

फोटो काढला. हाडाच्या डॉक्टरांनी हात लावून तपासलं. अंतर्गळ नव्हता. खुब्याच्या सांध्याची झीज सुरू झालेली, पण फार नाही. इथं आम्हाला पहिली गोष्ट कळली. खुब्याचं दुखणं बहुतेक जांघेत जाणवतं. आपण कुल्ल्याच्या बाजूला हात ठेवून खुबा म्हणतो, पण बाजूला दुखतं ते पुष्कळदा तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांचं असतं. सांधा आत, जांघेच्या मागं असतो. कधी कधी तर खुबा बिघडतो आणि दुखतो गुडघा.

तिनं आम्हाला सांधा समजावला. त्याला उखळीचा सांधाच म्हणतात. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल, ते कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतं. मध्ये गुळगुळीत कूर्चा. त्या कूर्चेत रक्ताच्या नळ्या नसतात. सांधा हलला की आतलं पाणी फिरतं आणि त्यातून तिला पोसायला मिळतं. पाट बंद ठेवला तर शेताला पाणी कुठून? दोन महिने ओट्यावर बसलो म्हणजे आम्ही पाटच बंद केला होता.

मग तिनं आम्हाला भिंतीजवळ आरशासमोर एका पायावर उभं केलं. डाव्या पायावर नीट उभे राहिलो. उजव्यावर उभे राहिलो तर कंबर डावीकडे खाली गेली, जसा एका बाजूला पाणी भरलेला हंडा कलंडतो. ती म्हणाली, बुवा, हे बघा दुखण्याचं मूळ. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एका पायावर असतो. त्या वेळी खुबा म्हणजे कावड टेकवलेली जागा. एका बाजूला लांब टोकाला सगळं अंग, दुसऱ्या बाजूला आखूड टोकाला कुल्ल्याचे स्नायू. आखूड टोकाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून साधं चालतानाही सांध्यावर आपल्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. स्नायू दमलेले असले की कंबर कलंडते आणि सांधा वेडावाकडा घासतो.

आम्ही म्हणालो, पोरी, आम्ही जन्मभर कष्ट केले, आमचे स्नायू दमले कसे? ती म्हणाली, कष्ट एकाच अंगाचे केलेत. वाकलात, बसलात, पुढं चाललात. बाजूला पाय उचलण्याचं काम शेतात कधी केलंत? हे आमच्या मनाला पटलं. एकाच खाचरात वर्षानुवर्षं भातच घेतलं तर बाजूच्या माळाला काय ठाऊक नांगर?

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. डेन्मार्क देशात ६८ खेळाडू घेतले, सगळ्यांची जांघ दीर्घकाळ दुखणारी. निम्म्यांना मालीश, लेझरचा शेक, विजेचं यंत्र, ताण देणं असं दिलं. निम्म्यांकडून ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले. ८ ते १२ आठवडे. शेवटी व्यायामवाले २३ जण न दुखता पूर्वीसारखे खेळू लागले. दुसऱ्या बाजूचे फक्त ४. हे १९९९ साली छापून आलं. ती म्हणाली, त्यांचं दुखणं मांडीच्या आतल्या स्नायूचं होतं, तुमचं झिजेचं आहे, म्हणून त्यांचा आकडा तुम्हाला लावू नका. पण शिकायचं ते हे, की दुसऱ्यानं चोळून पाय उभा राहत नाही, आपण त्याच्याकडून काम करून घ्यावं लागतं. झिजेच्या खुब्यालाही आज डॉक्टर लोक पहिला उपाय व्यायामच सांगतात.

आता व्यायाम सांगतो. आम्हाला सांगितले तेच सांगतो, पण तपासून घेतल्याशिवाय कोणी करू नका.

पहिला, घोंगडी दाबणं. उताणं पडायचं, गुडघे वर करायचे, दोन गुडघ्यांमध्ये घोंगडीची गुंडाळी धरायची आणि दाबायची. आम्ही घड्याळ लावत नाही. सावकाश पाच वेळा रामकृष्ण हरी म्हटलं की दहा सेकंद होतात. मग सोडायचं. असं दहा वेळा. पहिल्या आठवड्यात हळू दाबा, पूर्ण जोर लावू नका.

दुसरा, कंबर उचलणं. तसंच पडून, पाय टेकवून, कुल्ले आवळून कंबर वर. खांदा ते गुडघा सरळ रेघ झाली पाहिजे. वर थांबायचं, हळू खाली यायचं.

तिसरा, शिंपला. कुशीवर पडायचं, गुडघे दुमडलेले, टाचा एकमेकींना चिकटलेल्या. वरचा गुडघा उघडायचा आणि मिटायचा, कंबर मागं लोळू द्यायची नाही. आम्ही माळकरी, पण खाडीकाठचे आहोत, शिंपला कसा उघडतो ते आपल्याला सांगायला नको. हा सोपा झाला की वरचा पाय सरळ ठेवून बाजूला उचलायचा.

चौथा, खुर्चीवरून उठबस. हाताचा आधार न घेता उठायचं, आणि बसताना धपकन न पडता हळू बसायचं. आधी उंच खुर्ची घ्या, जमलं की थोडी बुटकी.

पाचवा, ओट्याची पायरी. एका पायानं चढायचं, हळू उतरायचं, कंबर कलंडू द्यायची नाही. हा व्यायाम आम्हाला जमेना. मग ती म्हणाली, बुवा, दिंडीत तुळस घेतलेल्या माउल्या कशा चालतात बघा. डोक्यावर वृंदावन आहे असं समजा. त्या दिवशी आम्हाला कळलं, की इतकी वर्षं आपल्यापुढं हा व्यायाम करणाऱ्या बाया चालत होत्या आणि आम्ही फक्त तुळशीकडे बघत होतो.

हे पाच, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. जमेल तसा आकडा वाढवायचा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, दुखलं तर काय करायचं? आम्ही दोन्ही चुका केल्या होत्या. आधी दुखणं दाबून चाललो, मग घाबरून बसलो. तिनं आम्हाला आण्यांचा हिशेब शिकवला. सोसवणारच नाही असं दुखणं म्हणजे सोळा आणे धरा. व्यायाम करताना चार-पाच आणे दुखलं तर चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्या सकाळइतकं खाली यायला पाहिजे. आलं तर तोच मापाचा व्यायाम चालू ठेवा. वाढलं तर माप अर्धं करा, पण पूर्ण बंद करू नका. कोणी आठ दिवसांत गुण मागू नका. आम्हाला सहा आठवडे काही कळलं नाही. घरची मंडळी म्हणायची, जमिनीवर लोळून खुबा बरा होत असता तर म्हशीला कधीच दुखलं नसतं. सातव्या आठवड्यात पायताण घालताना आम्ही खाली न बसता घातलं. तिनंच ते पाहिलं आणि गप्प झाली.

चालण्याचंही माप ठेवलं. आषाढात वीस मिनिटांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. काठी घेतली. काठी कोणत्या हातात? आम्ही दुखऱ्या बाजूला धरत होतो, पुष्कळ जण तसंच धरतात. काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पायाबरोबर ती पुढं टाकायची. कावडीच्या लांब टोकाला आधार मिळतो आणि सांध्यावरचा भार उतरतो. काही दिवस मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं कमी केलं. भजनाला खुर्ची घेतली. पहिल्या दिवशी वाटलं, पांडुरंगापुढं खुर्चीवर कसं बसावं? मग दादांकडे पाहिलं आणि बसलो.

काही जण म्हणतील ही नवी थेरं आहेत. तशी नाहीत. आपल्या मुंबईत पोलिओची साथ आली, मुलांचे पाय लुळे पडले, तेव्हा के.ई.एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ही विद्या शिकवायला सुरुवात झाली. १९५५ साली हाजीअलीला याच कामाची केंद्र सरकारची मोठी संस्था निघाली. आपल्यातले कितीतरी जण त्यापेक्षा लहान आहेत.

आता ज्यांनी व्यायाम करत बसू नये ते सांगतो, नीट ऐका. पडल्यानंतर पाय टेकवता येत नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला, तर चोळू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जांघ दुखते आणि ताप आहे, रात्री ठणका झोपू देत नाही, वजन उतरतंय, पायाला मुंग्या आणि बधिरपणा आहे, जांघेत गाठ आली आणि ती आत जात नाही, अंडाजवळ एकाएकी कळ आली, तर डॉक्टर आधी. कोणी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, दारू पुष्कळ झाली असेल, सिकलसेल असेल, आणि जांघ धरत असेल, तर हाडाच्या रक्ताची तपासणी करून घ्या. साध्या फोटोत ते सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. आणि झीज फार झाली, व्यायामानं भागेना, तर खुबा बदलण्यात कमीपणा नाही. समोर दादा बसलेले आहेत.

हे आम्ही फक्त म्हाताऱ्यांसाठी बोलत नाही. आपल्या गावांतली पोरं आता शेतात कमी आणि गोदामांत जास्त आहेत. एकाच खांद्यावर गाठोडी घेऊन दिवसभर चढ-उतार करतात. भिवंडीत मागावर बारा बारा तास उभी राहणारी माणसं आहेत. त्यांची जांघ आज धरते, ते कोणाला सांगत नाहीत, आणि सांगितलं तर आमच्यासारखा एखादा बुवा म्हणतो, काही नाही, होईल बरं.

या वर्षी आमचं काय झालं ते सांगून सेवा थांबवतो. शंभराव्या कार्तिकीला आम्ही चाललो. सगळं नाही. खोपोलीला पायानं सकाळी हिशेब जास्त दाखवला, म्हणून घाट आम्ही टेम्पोत बसून चढलो. या वेळी पुढं, चालकाशेजारी, तोंड उघडं ठेवून. लोणावळ्याला उतरून पुन्हा दिंडीत लागलो. आळंदीला पोहोचलो तेव्हा जांघेत दोन-तीन आणे होते. आजही आहेत. ते जातीलच असं आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. पण भजनाला उठताना आता माणसं लागत नाहीत.

आपण हरिपाठाचा नेम धरतो, एकादशीचा नेम धरतो. एक दिवस दहा वेळा हरिपाठ म्हणून महिनाभर सुट्टी घेत नाही. पायाचाही तसाच नेम आहे. आमची चालकांना हात जोडून विनंती आहे की पुढच्या वारीपासून निघण्याआधी तीन महिने गावोगाव चालण्याचा आणि या व्यायामांचा नेम सुरू करावा, ती पोर शिकवायला तयार आहे. प्रत्येक मुक्कामावर हरिपाठानंतर एक माणूस फिरून विचारील, कोणाचा पाय दुखतोय का? आणि ज्यानं हो म्हटलं त्याला कोणी दृष्टांत देणार नाही.

तो विचारणारा माणूस व्हायला आम्ही तयार आहोत.

रामकृष्ण हरी.